दसऱ्याला पुसलेला फळा

रूपाला सांगितलंच नव्हतं. सकाळी माझी माय तिला वाडीत घेऊन गेली, वांगी तोडायला. पाच वर्षांची माझी पोर, टोपली तिच्याहून मोठी. ऊन चढल्यावर माय एकटीच परत आली आणि दारातूनच म्हणाली, "पोरगी वांग्यात रमली हाय. तुह्या बापापाशी ठेवून आली तिले. निघ आता. मांगं पाहू नोको." स्टँडची पायवाट वाडीच्या कडेनंच जाते. म्हणून मी कालव्याकडची लांबची वाट धरली. सेलूहून वर्ध्याच्या बसमध्ये बसेपर्यंत कुणी हाक मारली नाही. हाक यावी असं वाटत होतं, येऊ नये असंही वाटत होतं.

हे दोन हजार एक सालच्या जूनमधलं. रूपाच्या बाबांना जिनिंगमध्ये कापसाच्या दिवसांपुरतंच काम मिळायचं, बाकीचं वर्ष रिकामं. आदल्या वर्षी ते पुण्याला एका इमारतीवर वॉचमन म्हणून लागले. मी गेले तेव्हा ते गावाकडच्याच एका जोडप्याच्या खोलीत राहत होते. मधे साडीचा पडदा बांधून तिच्या दोन खोल्या केल्या होत्या. तिथं पोरीला कसं आणायचं? ठरलं असं की मी पण काम धरायचं, दिवाळीपर्यंत स्वतःची खोली घ्यायची आणि मग रूपाला आणायचं. मायला मी तसा शब्द दिला होता. माय एवढंच म्हणाली होती, "दिवाळी म्हंजे दिवाळीच. शिमगा नाई."

पुण्यात मी बोलणंच कमी केलं. पहिल्या आठवड्यात भाजीवाल्याकडे सांबार मागितला तर तो म्हणाला, "सांबार हॉटेलात मिळतं, ताई." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्याला काय ठाऊक. आजूबाजूच्या बायका हसल्या. वाईट मनानं नसतील हसल्या, पण त्यानंतर मी बोटानं दाखवूनच भाजी घ्यायला लागले.

काम मिळालं ते एका कॉम्प्युटरच्या ऑफिसात, झाडूपोछा आणि चहा. ऑफिस म्हणजे चार खोल्यांचा फ्लॅट. सकाळी मीच कुलूप उघडायची. तिथं मेघना मॅडम होत्या, माझ्याहून लहान, पण सगळे त्यांचं ऐकायचे. एका दवाखान्याचं काम चालू होतं. पेशंट, डॉक्टर, खाटा, तपासण्या, औषधं, सगळं कॉम्प्युटरमध्ये जाणार होतं आणि दिवाळीच्या आत दवाखान्यात नेऊन बसवायचं होतं. त्याला ते डेटाबेस म्हणत. आधी मॅडम त्याचं चित्र काढायच्या, हॉलमधल्या मोठ्या पांढऱ्या फळ्यावर. चौकोन, त्यात इंग्रजी शब्द, आणि चौकोनाचौकोनाला जोडणाऱ्या रेघा. काही रेघांच्या टोकाला कोंबडीच्या पायासारखी तीन बोटं.

एकदा मी फळ्यापुढे झाडू धरून उभी राहिलेली त्यांनी पाहिली. मी सरकले तर म्हणाल्या, थांबा. मग समजावलं. एका पेशंटच्या तपासण्या पुष्कळ असतात, म्हणून तपासणीकडच्या टोकाला तीन बोटं, पेशंटकडे एकच रेघ. पेशंटचं नाव एकाच चौकोनात लिहायचं, बाकी सगळीकडे नुसता त्याचा नंबर. म्हणजे नाव चुकलं तर एकाच ठिकाणी दुरुस्त करता येतं. मला ते पटलं. चांगल्या घरात मिठाचा डबा एकच असतो, तसं.

त्यांना मी एक सांगितलं नाही. गावाकडे मी रोज सकाळी सडा टाकून रांगोळी काढायची. पुण्यातल्या खोलीला उंबरा होता, पण उंबऱ्यापुढे दुसऱ्याच्या चपला. रोजची सवय हाताला स्वस्थ बसू देत नव्हती. म्हणून पोछा मारताना मी तो फळा बघायची आणि मनातल्या मनात हात फिरवायची. इथून सुरू, खाली, वळण, तीन बोटं. मॅडम रोज काही पुसायच्या, काही वाढवायच्या. मी रोज नव्यानं गिरवायची.

दसऱ्याच्या दिवशी ऑफिसात पूजा होती. ऑफिसच्या मालकांनी, साहेबांनी, मला लवकर येऊन सगळं स्वच्छ करायला सांगितलं होतं. मी कॉम्प्युटर पुसले, फुलं आणली, आणि फळ्यापाशी येऊन रोजच्यासारखं मनात एकदा गिरवून घेतलं. आमच्या शाळेत दसऱ्याला पाटी आधी धुवायची आणि मगच तिच्यावर सरस्वती काढायची. लिहिलेल्या पाटीची पूजा करत नाहीत. एकदा मी बेरीज तशीच ठेवली होती तर गुरुजींनी परत नळावर पाठवलं होतं. चौथीपर्यंत दर वर्षी मी पाटी धुतली, आणि त्यानंतर शाळाच सुटली. त्या सकाळी मला इतका आनंद झाला की माझं मीच ठरवलं. ओलं फडकं घेतलं, साबण घेतला, फळा आरशासारखा केला. मग एकाचे आकडे जोडून मधोमध सरस्वती काढली, तिला झेंडूचं फूल चिकटवलं.

दहाला सगळे आले. मॅडम नव्या साडीत होत्या. दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "हे कुणी पुसलं?"

तेव्हा कळलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांशी आठवडाभर बोलून आदल्याच संध्याकाळी ते चित्र पक्कं झालं होतं. सुट्टीनंतर ते उतरवून घ्यायचं होतं. वहीत होतं ते जुनं. कॉम्प्युटरमध्ये अजून काहीच गेलं नव्हतं.

ऑफिसची दुसरी किल्ली निखिल नावाच्या एकाजवळ होती, आणि तो रात्री थांबायचा. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो म्हणाला, मी नाही. मी गप्प राहिले असते तर थोडा वेळ तरी त्याच्यावर गेलं असतं. "मी पुसलं," मी म्हटलं. सरस्वती सगळ्यांना दिसतच होती.

साहेब ओरडले नाहीत. पूजा झाली, पेढे वाटले. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते तेव्हा त्यांचं बोलणं ऐकू आलं. एक तारखेपासून दुसरी बाई बघा, असं ते मॅडमना सांगत होते. गाळणी माझ्या हातातच राहिली. एक तारखेलाच आम्ही नवी खोली घेणार होतो. मनात पहिलं आलं ते मायचं तोंड, मग रूपा टोपली घेऊन वाडीच्या बांधावर उभी आहे असं आलं. ते मी पाहिलेलं नव्हतं, तरी आलं.

बाकीचे घरी गेले. मॅडम फळ्यापुढे खुर्ची घेऊन बसल्या. त्यांनी सरस्वती पुसली नव्हती, तिच्या बाजूला चित्र परत मांडत होत्या. एक चौकोन काढला, दुसरा काढला. मी चहा ठेवला. तो दुसरा चौकोन चुकीच्या जागी होता. मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन परत आले. मग म्हटलं, "मॅडम, तो वर होता. खिडकीच्या अंगाला. त्याले दोन रेघा होत्या."

त्यांनी मागं वळून पाहिलं आणि काही न विचारता पेन माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, "एवढं सगळं उभ्यानं मले नाई जमत." पूजेच्या रांगोळीचा डबा तिथंच होता. मी पदर खोचला आणि फरशीवर बसले. एकदा हात लागल्यावर विचार करावा लागला नाही. चौकोन आतून रिकामे ठेवले, शब्द मला येत नव्हते. पण कुठून कुठं, कुणाकडे एक रेघ आणि कुणाकडे तीन बोटं, ते सगळं उतरत गेलं. लाल पेनाच्या रेघा मी दुहेरी काढल्या. मॅडम माझ्यामागून कागदावर उतरवून घेत होत्या आणि एकेक नाव आठवून भरत होत्या. एका ठिकाणी म्हणाल्या, "बरोबर, हे आम्ही परवाच बदललं," आणि हसल्या.

डाव्या खालच्या कोपऱ्यात मी थांबले. तिथं पाण्याचा कूलर होता, त्याच्यामागचं मी कधी पाहिलंच नव्हतं, पुसतानाही नुसता हात आत घातला होता. तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, हरकत नाही, ते औषधांचं आहे, डॉक्टरांना फोन करून विचारते. त्याला त्यांची पुढची सगळी सकाळ गेली, पण झालं.

एक तारीख आली. दुसरी बाई आली नाही. दोन तारखेलाही मी गेले. निखिल माझ्याकडे बोट दाखवून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की आमच्या ऑफिसचा बॅकअप काकूंच्या डोक्यात असतो. साहेबांनी फळ्याच्या कोपऱ्यात स्वतः मोठ्या अक्षरात 'पुसू नये' असं मराठीत लिहिलं. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मॅडम आणि निखिल मशीन गाडीत घालून दवाखान्यात गेले आणि बसवून आले. परत आल्यावर मॅडमनी सांगितलं, पहिलं नाव चढलं ते कमी ऐकू येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांचं, आणि त्यांचं वय त्यांनाच माहीत नव्हतं.

दिवाळीत मी रूपाला आणायला गेले. ती मायच्या मागं लपली. पुण्याच्या गाडीत तिनं अर्ध्या वाटेपर्यंत तोंड फिरवून ठेवलं आणि नव्या खोलीत आल्यावर विचारलं, "आपुन घरी कधी जाऊन राह्यलो?" हाच प्रश्न होळीपर्यंत होता. मी दर वेळी सांगायची, हेच घर. ती दर वेळी खोलीभर नजर फिरवायची.

मे महिन्यात आम्ही गावी गेलो. माय ओसरीत सुपात मिरच्या निवडत होती, मी शेजारी बसले होते. अंगणात रूपा शेजारच्या पोरीशी भांडत होती. घरात नळ असतो की नाही, यावर. रूपा म्हणाली, "माह्या घरी चाल, तुले दाखवते."

ती पोर म्हणाली, "हेच तं तुहं घर हाय."

"हे आजीचं हाय," रूपा म्हणाली. "माहं घर पुण्याले हाय."

ज्या 'माहं घर'साठी मी कालव्याची वाट धरली होती ते तिच्या तोंडून आलं, आणि मला मायकडे बघवेना. तिचा हात सुपात थांबला होता. मग परत चालू झाला.

"बरं झालं," ती म्हणाली. "हेच तं पाह्यजे होतं तुले."

मी हो म्हटलं आणि सूप माझ्याकडे ओढलं. तिनं ते परत स्वतःकडे ओढलं. "ठेव. पावनीनं काम करू नाई." ती हसत होती, पण सूप घट्ट धरून होती. मीही सोडलं नाही. शेवटी ते दोघींच्या मांडीवर अर्धं अर्धं ठेवून आम्ही मिरच्या निवडल्या, सगळ्या संपेपर्यंत.

आता घर कुठं म्हणून कुणी विचारलं तर मी पुण्याचा पत्ता सांगते. आणि सांगताना दर वेळी कुणीतरी पलीकडून ओढतंय असं हाताला कळतं.