आकडा झोपला का?

"ह्या हाताचं घे बाई, तो हात सुटीवर हाये," असं म्हणत त्या खुर्चीत बसायच्या आणि डावा हात माझ्यापुढे टाकायच्या. उजवं स्तन काढलेलं होतं, त्या बाजूच्या काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. त्या हाताला सुई लावू द्यायची नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. मला ते कागदावरून कळलंच असतं, पण दर वेळी सांगायचं त्यांनाच असे. सांगून झालं की बाकावरच्या पेशंटांकडे बघून हसायच्या.

मी दारव्ह्याला रक्त तपासणीच्या एका लहानशा सेंटरवर काम करते. आम्ही फक्त रक्त घेतो. मोठ्या तपासण्यांच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून दुपारच्या गाडीने नागपूरला जातात आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मोबाइलवर येतो. अशा कामात माणसं चेहऱ्यापेक्षा शिरांवरून जास्त लक्षात राहतात. ज्यांनी कधी कुणाचं रक्त काढलं असेल त्यांना हे पटेल. या बाईंची शीर मात्र कधीच नीट सापडायची नाही, आणि तरी त्या आलेल्या दिसल्या की मला बरं वाटायचं.

दारव्ह्याजवळच्या एका बंजारा तांड्यावर त्या राहायच्या. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. नवरा काळी-पिवळी जीप चालवायचा. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. शाळेतली पोरं त्यांना 'याडी' म्हणायची. गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, याडी म्हणजे आई. हे त्यांनीच मला सांगितलं आणि वर म्हणाल्या, "चाळीस लेकरं हायेत मले, एकाचंही बाळंतपण नाही."

त्यांची गाठ हार्मोनवर पोसणाऱ्या जातीची होती. केमोनंतर पाळी थांबली, आणि डॉक्टरांनी जी रोजची गोळी दिली ती बीजकोश, म्हणजे अंडाशय, गप्प असतील तरच उपयोगाची. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्तातलं इस्ट्रोजेन तपासायचं. आकडा खाली राहिला तर गाठ परतण्याची भीती कमी, वर गेला तर जास्त. डॉक्टरांनी हे त्यांना समजावलं होतं, मीही एकदा माझ्या परीने सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे पाणी मी देऊन राह्यली आन् तण वाढून राह्यलं."

तेव्हापासून रिपोर्टच्या दिवशी त्यांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न एकच असायचा. "आकडा झोपला का?" मी हो म्हटलं की फोन बंद. एकदा फोनची वाट न बघता त्या स्वतःच आल्या आणि दारातूनच तो प्रश्न विचारला. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मान वर करून विचारलं, "कोणता लागला आज?" त्यांना वाटलं सट्ट्याचा आकडा. बाई मनापासून हसल्या. केमोनंतर नवीन आलेले त्यांचे केस कुरळे होते, हसताना ते कपाळावर हलायचे.

मग एका सकाळी त्या तपासणीच्या तारखेच्या आधीच आल्या. नवी साडी नेसलेली, हातात बसस्टँडवरच्या दुकानातला पेढ्यांचा पुडा. बाकावरच्या सगळ्यांना एकेक पेढा दिला, मला दोन दिले. कशाचे म्हणून विचारलं तर पडद्याआड घेऊन गेल्या आणि कानाशी तोंड आणून म्हणाल्या की चौदा महिन्यांनी पाळी आली. अंग पुन्हा जागेवर आलं, असं त्यांना वाटत होतं. केस आले, तोंडाला चव आली, आता हेही आलं. "मी बरी होऊन राह्यली ना बाई?"

मी कापूस शोधत राहिले. समोरच होता तो.

त्या दिवशी रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, आणि आकडा जिथे असायला नको तिथे होता. रिपोर्टचा अर्थ आम्ही सांगायचा नाही, तो डॉक्टरांनी सांगायचा, असा आमच्याकडे नियम आहे. त्यांचा फोन आला तेव्हा मी एवढंच म्हटलं की डॉक्टरांना लवकर दाखवून घ्या. पलीकडे जीपचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, "म्हंजे जागा झाला."

चारेक दिवसांनी त्या आल्या. तपासणी नव्हती, नुसत्याच येऊन बसल्या. नागपूरला जाऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी बीजकोश काढून टाकायचा सल्ला दिला होता. त्यांनी विचार करून सांगते म्हटलं होतं. गर्दी ओसरल्यावर त्यांनी मला विचारलं, "माह्या अंगातलंच माह्यासाठी वाईट कसं असन?"

 मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

दोन महिने त्यांनी काहीच ठरवलं नाही. मी फोन करायचे तेव्हा शाळेच्या गोष्टी सांगायच्या, गावातल्या लग्नाच्या सांगायच्या, ऑपरेशनचा विषय निघाला की भात करपतो म्हणून ठेवून द्यायच्या. तांड्यावरच्या एकीला उशिरा मूल झाल्याचं मात्र मला दोनदा सांगितलं त्यांनी.

एक दिवस त्यांचा नवरा एकटाच आला. या माणसाला मी तोपर्यंत फक्त जीपमध्ये बसलेलं पाहिलं होतं, बायकोला सोडून रस्त्यापलीकडे तो थांबायचा. चप्पल बाहेर काढून आत आला आणि उभाच राहिला. ऑपरेशनला ती नाही म्हणते, तुमचं ऐकते, तुम्ही सांगा, असं म्हणाला. मी म्हटलं, हे तुमच्या दोघांचं आहे, मी मध्ये कशी बोलू. त्याने भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मले लेकरू नाही पाह्यजे मॅडम. ती पाह्यजे. तिले सांगा."

तुम्हीच सांगा ना, असं मी म्हणेपर्यंत तो चप्पल घालून रस्ता ओलांडून गेलाही.

मी संध्याकाळी घरी जाताना फोन केला आणि तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत सांगितलं.  मग त्या म्हणाल्या, "सोळा वर्षात मले नाही बोलला तो असं. तुह्याजवळ बोलला." आवाजात रागही होता आणि दुसरंही काही होतं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं.

त्यानंतरची तीन वर्षं बरी गेली. आकडा खाली आला तो खालीच राहिला. त्या तांड्यावरच्या बायकांना घेऊन यायच्या, नवऱ्याच्या जीपमधून. कुणाच्या छातीत काही हाताला लागलं की हिला मोठ्या दवाखान्यात कुठे दाखवायचं, हे माझ्याकडून लिहून न्यायच्या. लाजणाऱ्या बाईला म्हणायच्या, माह्याकडं पाह्य, एक गेलं तरी चालते, मी हाये ना.

मग पाठ दुखू लागली. वजन उचलल्याने असेल म्हणून मलम लावत राहिल्या. तपासलं तेव्हा हाडांत पसरलं होतं.

"आकडा तं झोपला होता ना?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की झोपलाच होता. तो आकडा हजार बायकांबद्दल बरंच सांगतो, पण एका बाईचं काय होईल हे त्यालाही माहीत नसतं. मला वाटलं त्या चिडतील. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "तीन वर्षं तं देल्ली त्यानं."

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. अजून सकाळी जीप थांबल्याचा आवाज आला की माझी मान दाराकडे वळते. कधी फोनवर त्यांचं नाव उघडून बघते, लावत नाही.

त्या जाण्याच्या आठवडाभर आधी मी तांड्यावर गेले होते. अंगणात बाजेवर त्या उशीला टेकून बसल्या होत्या. जेवल्याशिवाय जायचं नाही, असं म्हणाल्या. चुलीपुढे नवरा बसला होता, परातीत पीठ घेऊन. भाकरी थापताना कडेला तडे जायचे, तो बोटाने ते बुजवत होता. बाजेवरून सूचना चालू होत्या, पाणी गरम घे, जोर लावून मळ, आता उलट. तो तसं करत होता. पहिली भाकर करपली, दुसरी तुटली. तिसरी फुगली तेव्हा त्याने ती तव्यावरून उचलून आधी बाजेकडे धरून दाखवली.

त्या भाकरीकडे बघत नव्हत्या. त्याच्याकडे बघत होत्या.