इस्त्रीचा शेक

इस्त्रीवाल्यांच्या त्या घरात कुठल्याही दुखण्यावर औषध एकच. दुखऱ्या जागेवर ओलं फडकं घालायचं आणि वरून गरम इस्त्री फिरवायची. कंबर असो, मान असो की गुडघा. डॉक्टरपर्यंत गोष्ट जातच नसे.

थोरल्या सुनेच्या हातची घडी हवी म्हणून गिऱ्हाईक लांबून येई. खिडकीजवळचं टेबल तिचं. त्या टेबलामुळेच सासू तिला मूल नसल्याचं तोंडावर बोलत नसे.

एकदा गाठोडं घेऊन येताना ती दुकानाच्या उंबऱ्याला अडखळली आणि उजव्या तळव्यावर पडली. मनगट थोडं सुजलं.

"मोडलं असतं तर बोंबलली असतीस," सासू म्हणाली. "लचकलंय. शेक घे."

"पडलीस ते पडलीस," नवरा म्हणाला, "धुतलेले शर्ट तरी वर धरायचेस."

तिलाही हसू आलं. डाव्या हातानं तिनं आपल्याच मनगटावर इस्त्री फिरवली. बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून कामाला लागली. मग रोज तेच, दिवसभर काम आणि दुकान आवरताना शेक. वर्ष उलटलं तसं मनगट वाकेना, इस्त्री उचलवेना.

डॉक्टरनं अंगठ्याच्या बुडाशी पडणाऱ्या खळग्यात बोट दाबलं. ती कळवळली.

"इथलं बारीक हाड तेव्हाच मोडलंय. त्याला रक्त पोचलं नाही, ते मेलं. इथं दुखत होतं तेव्हाच आला असतात तर प्लास्टरवर भागलं असतं."

"आणि आता?"

"ऑपरेशननं दुखणं कमी करता येईल. इस्त्री मात्र विसरा."

घरी आल्यावर सासू धाकट्या सुनेला म्हणाली, "ऐकलंस? हाड मेलंय म्हणे हिचं. कूस तशी, हातही तसाच." आता बोलायला आडकाठी नव्हती.

टेबल धाकटीला मिळालं. थोरलीकडे कपड्यांना चिठ्ठ्या टाचायचं काम आलं, आणि धाकटीला कॉलर शिकवायचं. धाकटी गुणी होती, तेच वाईट. महिना-दोन महिन्यांतच गिऱ्हाईक म्हणू लागलं, "घडी अगदी मोठ्या वहिनींसारखी."

उंबरा होता तिथंच होता. एके दुपारी धाकटी त्याला अडखळून पडली. सासूकडे न जाता मनगट धरून थोरलीकडेच आली.

"जाऊबाई, बघा ना. तुमच्यासारखं तर नाही ना झालं?"

थोरलीनं तिचा हात मांडीवर घेतला. अंगठ्याच्या बुडाशी चाचपून खळगा शोधला आणि बोट दाबलं. धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. थोरलीनं बोट जरा वेळ तिथंच ठेवलं. समोर खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं.

"मोडलं असतं तर बोंबलली असतीस," ती म्हणाली. "फडकं ओलं करून आण. मी फिरवते इस्त्री, डाव्या हातानं."