भाचीच्या पक्क्या वह्या

मी शिंपी. गिऱ्हाईकासमोर कपड्याची उलटी बाजू धरायची नाही, ही माझी तीस वर्षांची खोड. त्याच खोडीने मी भाचीचं नुकसान करून बसलो.

तिला आम्ही बारकी म्हणतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाचताना तिची अक्षरं उलटीपालटी होतात, ओळ हातची सुटते. वर्गात सर बोलत असतात तेव्हा ती चार शब्द, बाण आणि चौकोन एवढंच काढते. घरी फोनवर रेकॉर्ड केलेला तोच तास पुन्हा ऐकते, सुट्या कागदांवर लिहिते, खोडते, परत लिहिते. चौथ्या खेपेला ते वहीत उतरतं. तासाभराच्या शिकवण्याला हिचे पाच तास. पण वही अशी, की स्वतःला हुशार समजणारेही झेरॉक्सला मागतात.

परीक्षेत तासभर जास्त मिळावा म्हणून तिने अर्ज केला, डॉक्टरांचा दाखला जोडला. कॉलेजच्या समितीने वर्षभराचं लिखाण घेऊन भेटायला बोलावलं. बारकी वर्गातून परस्पर येणार होती, म्हणून गठ्ठा माझ्याकडे दिला. वह्या आणि ते खाडाखोडीचे कागद. मोठ्या माणसांपुढे हे कसलं ध्यान न्यायचं, म्हणून कागद मी दुकानातच ठेवले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

टेबलापलीकडच्या बाईंनी वही चाळली. "फारच नीटनेटकं आहे हो."

"सगळा वर्ग हिच्याच वह्यांवर पास होतो," मी फुशारकी मारली.

"आणखी काही दाखवायचंय?"

मी नाही म्हणालो. बारकी खाली बघत राहिली.

आठवड्याने पत्र आलं: लिखाणात अडचण दिसत नाही, अर्ज नामंजूर. मी दुकानातले ते कागद घेऊन धावत गेलो, तर समितीची पुढची बैठक परीक्षेनंतर. वरातीमागून घोडं.

पेपरात पाचांतले दोनच प्रश्न झाले. दोन्ही बरोबर. बारकी नापास झाली.

निकालाच्या दिवशी ती दुकानात आली. तिने मला चांगलं फैलावर घ्यावं, असं मला मनापासून वाटत होतं. मीच म्हणालो, "माझ्यामुळे झालं गं."

"मामा, गठ्ठ्यात कागद नाहीत हे मला तिथेच दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बरं वाटलं मला. ते कागद कुणाला दाखवायची लाज वाटते."

ही लाज तिला कॉलेजने लावली नव्हती, आमच्याच घरात लागली होती.