पाण्याची सुई

डॉक्टर शबाना हे नाव दिल्लीकडच्या मोठ्या प्रयोगशाळेत. दिग्रसात ती शेवटपर्यंत हबीबमिस्त्रीची शबानाच. हबीब बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा चढवायचा, आणि पोरगी जनावरांच्या डॉक्टरकीला नागपूरला निघाली तेव्हा सगळी गल्ली फिदीफिदी हसली होती. "माणसाचे डॉक्टर गल्लोगल्ली हायेत," हबीब म्हणाला, "बैलाले कोण हाय?"

पुढं बारा वर्षं तिनं एकाच विषाणूचा पिच्छा पुरवला. लाळ्या-खुरकूत! तोंडात फोड, खुरात फोड, उभं जनावर लंगडं. तिचा मार्ग मात्र वेगळा होता. अख्खा विषाणू टोचायचाच नाही. त्याच्या अंगावरचा एक इवलासा तुकडा, पेप्टाइड म्हणतात त्याला, तो प्रयोगशाळेत बनवायचा आणि तेवढाच टोचायचा. चोराचा चेहरा आधीच दाखवून ठेवला की घर सावध राहतं, तसं. उंदीर झाले, गिनिपिग झाले, वासरं झाली. उरले गावचे बैल.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात ती दिग्रसजवळच्या तांड्यावर आली. तांड्याला तयार केलं ते रूपसिंगनं. हबीबचं जुनं गिऱ्हाईक ते, लोकांचा कापूस गाडीनं जिनिंगला नेऊन पोट भरायचं. "हबीबभाईची पोरगी हाय, आपलीच हाय," म्हणत त्यानं दारोदार फिरून ऐंशी बैल उभे केले. चाळीसांना लस, चाळीसांना नुसतं मिठाचं पाणी. तुलना करायची तर दुसरा उपाय नाही. कोणाला काय, ते चिठ्ठ्यांवर ठरलं आणि यादी शबानाजवळ राहिली. रूपसिंगची जोडी पाण्याच्या गटात निघाली. पेन हातात होतं, एक खूण इकडची तिकडे करायची की झालं. पण विज्ञानात वशिला चालत नाही असं तिनं स्वतःलाच दरडावलं आणि स्वतःच्या हातानं त्या बैलांना पाणी टोचलं. हंसाबाईनं, रूपसिंगच्या बायकोनं, त्या सुईसाठी बैलांना कुंकू लावलं होतं.

सप्टेंबरात शबाना तांड्यावर असतानाच सरकारी लसवाले आले. हंसाबाईनं विचारलं, "ही बी देऊ का वं पोरी?"

"नको काकी, माझी झाली ना."

सरकारी सुई दिली असती तर प्रयोग बिघडला असता, हे खरं. पण बोलताना जीभ अडखळली नाही, हे त्याहून खरं.

त्या हिवाळ्यात कापसाचा भाव कोसळला. व्यापाऱ्यांनी हात वर केले आणि सगळा जिल्हा सरकारी खरेदीकडं वळला. पाच-पाच दिवस गाड्यांची रांग हलेना. गावोगावचे बैल एकाच टाक्यावर पाणी पीत उभे. तिथंच रोगाला आयतं मैदान मिळालं.

तिच्या हाताखालच्या डॉक्टर पियूषचा फोन आला, "मॅडम, तांड्यावर लागण झाली."

"छान!" शबाना म्हणाली.

रोग आल्याशिवाय लस कळणार कशी? ती त्याचीच वाट पाहत होती. "छान?" पियूषनं विचारलं, तेव्हा आपण काय बोललो ते तिला उमगलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

आकडे मात्र झकास आले. लसवाल्या चाळीसांत चार आजारी, पाण्यावाल्यांत एकोणतीस. रूपसिंगच्या जोडीपुढं पियूषनं 'निरोगी' लिहिलं होतं. ते वाचून शबाना रडली. अल्लानं वाचवलं, म्हणाली. बैलांना की आपल्याला, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

फेब्रुवारीत रक्ताचे शेवटचे नमुने घ्यायला ती तांड्यावर गेली. रूपसिंगची गाडी दांड्या टेकून रिकामी पडलेली. बैल मागच्या खोलीत, दाराला पोत्याचा पडदा. सावलीत उभे असूनही दोघं जीभ काढून धापा टाकत होते. खुरकूत अंगावर काढली की बैल असा होतो. जगतो, पण उन्हात गाडी ओढणं संपतं.

"काकी, हे कधीचं?"

"रांगेतून आले तवाचं," हंसाबाई खाली मान घालून म्हणाली. "तुह्या त्या डॉक्टरले आमीच सांगतलं, बैल मजेत हायेत, रानात चरून राह्यले. दवाखान्यातबी नेले नाही. लोक म्हनले असते, मिस्त्रीच्या पोरीची सुई फेल गेली. तुह्या नावाले बट्टा कायले लावाचा?"

शबाना बैलांपाशी बसलेल्या रूपसिंगकडं वळली. "काका, तुमच्या बैलांना लस दिलीच नव्हती. पाणी होतं ते. मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं."

"पानी?" रूपसिंगनं विचारलं. आता हा दोन शिव्या हासडेल, हाकलून देईल, असं तिला वाटलं. वाटलं म्हणजे तिला तेच हवं होतं.

पण म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. "म्हंजे सुई फेल नाही गेली! हंसा, आयकलं का? आपली पोरगी फेल नाही झाली!"

"काका, थांबा," ती म्हणाली, पण तो पडदा सारून बाहेर पडलासुद्धा आणि घरोघरी ओरडून सांगत सुटला.