कुजबुजमामांचा प्रॉम्प्ट

नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजमामा म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव असणारच, पण ते पगारपत्रकात जाऊन बसलं ते पुन्हा काही बाहेर आलं नाही. काम प्रॉम्प्टरचं. रंगमंचाच्या कडेला पडद्याआड, विंगेत, संहिता धरून उभं राहायचं आणि नट अडकला की त्याला पुढचा शब्द असा द्यायचा की त्याला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला जाऊ नये. नवखा प्रॉम्प्टर अख्खं वाक्य देतो, मग नट आणि तो दोघं मिळून शाळेतली कविता म्हणत असल्यासारखे बोलतात. मामा फक्त पहिला शब्द देत, कधी अर्धाच. म्हणत, "अर्ध्या शब्दावर सुरू होतो तो नट. बाकीच्यांना धक्का मारावा लागतो."

त्यांच्यावर नटांचा विश्वास किती, तर एकदा भर दरबारात सेनापती वाक्य विसरून विंगेकडे कान लावून उभा राहिला आणि नेमकी मामांना शिंक आली. सेनापतीही शिंकला. सेनापती शिंकला म्हटल्यावर मागच्या दोन सैनिकांनीही शिंकून घेतलं. राजा शहाणा, तो म्हणाला, "हवा बदललेली दिसते," आणि नाटक पुढे गेलं.

या सगळ्यात एकच व्यक्ती अशी होती की जिने मामांकडून कधी शब्द घेतला नाही. ती म्हणजे त्यांची बायको. मामी याच कंपनीत आईची आणि सासूची कामं करायच्या. "माझ्या प्रवेशाला तुम्ही चहा पिऊन या," असं सगळ्यांदेखत म्हणायच्या, आणि मामा खरंच जायचे. बायकोच्या पाठांतराच्या जिवावर चहा पिणारा जगातला एकमेव प्रॉम्प्टर, अशी त्यांची थट्टा व्हायची.

मग मामींचे शब्द जायला लागले. आधी घरात. "अहो, ते द्या ना, ज्याने ते करतात ते." मामा विचारायचे, "चमचा की कात्री?" तर त्या चिडायच्या, "समोर दिसतंय ते." कंपनीतले म्हणाले, वय झालं की होतं. पण एका प्रयोगात मामी भर प्रवेशात थांबल्या आणि मामा चहावर होते.

मेंदूच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले आणि एक लांबलचक नाव सांगितलं. शब्द हळूहळू जातात, थांबवणारं औषध नाही, काही महिन्यांनी परत दाखवा. बाहेर बाकावर पुढचा रुग्ण बसलाच होता. घरी येताना मामी म्हणाल्या, "मला घरी बसवू नका. तिथे उभी आहे तोवर मी आहे."

मामांनी मनाशी ठरवलं की तिला आपण प्रॉम्प्टवर उभं ठेवायचं. ज्याने अख्ख्या सेनेला शिंकायला लावलं त्याला एक बायको सांभाळता येणार नाही? पण त्यासाठी हा आजार आतून समजायला हवा होता. कुठला शब्द आधी जातो, तो कशाने परत येतो, हे कळायला हवं. आणि मामांचं शिक्षण सातवीपर्यंत.

मार्ग दाखवला कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी. त्यांनी रंगवलेल्या राजाच्या जांभळ्या अंगरख्याचा रंग एकदा घामाने उतरला होता आणि राजेसाहेब आठवडाभर जांभळी मान घेऊन हिंडले होते. तेव्हापासून बाईंनी मोबाइलमधल्या त्या बोलक्या यंत्राला विचारविचारून रंगाचं सगळं रसायन शिकून घेतलं होतं.

"मामा, याला काहीही विचारा. फक्त प्रॉम्प्ट नीट द्यावा लागतो."

"काय द्यावा लागतो?"

"प्रॉम्प्ट."

मामा इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "बाई, जन्म गेला त्यात. आणा इकडे."

त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि सवयीप्रमाणे कुजबुजले, "स्मृती..." आणि वाट पाहत थांबले. यंत्राला ऐकूच गेलं नाही. बाईंनी तो शब्द टाइप करून दिला, तर यंत्राने माणसाने जुन्या आठवणी कशा जपाव्यात यावर प्रवचन सुरू केलं.

"हा फार बोलतो," मामा म्हणाले. "कामाचा नट नाही."

"अहो, इथे उलटं आहे. इथे अडलेले तुम्ही, आणि विंगेत तो. तुम्ही कोण, तुम्हाला काय येतं, काय शिकायचंय, कसं सांगितलेलं कळतं, ते सगळं सांगा. तो मनकवडा नाही."

उलटं आहे म्हटल्यावर मामांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांच्या कागदावरचं लांबलचक नाव बघून घातलं आणि खाली एका बोटाने टाइप केलं, "मी सातवी शिकलेला प्रॉम्प्टर आहे. बायकोला हा आजार आहे. मला नाटकाच्या भाषेत समजाव. एका वेळी एकच गोष्ट. सांगून झालं की मला प्रश्न विचार. मी अडलो तर उत्तर देऊ नकोस, फक्त पहिला शब्द दे."

आणि गाडी काय सुटली. यंत्राने सांगितलं, डोक्यात शब्दांचं एक कपाट आहे असं समजा, आणि कपाटापर्यंत एक बोळ. कधी बोळ अंधारतो, तेव्हा शब्दाचा पहिला आवाज दिव्यासारखा चालतो. मामा खूश. हेच तर आपण करतो. ते शिकायचे, यंत्र उलटतपासणी घ्यायचं, मामा चुकायचे, यंत्र अर्धा शब्द द्यायचं, मामा वाक्य पुरं करायचे. बसथांब्यावर, तालमीत, दुधाच्या रांगेत तेच चाललेलं. कपडेपटाच्या बाई म्हणाल्या, "मामा, परीक्षा आहे का?" मामा म्हणाले, "आहे. तोंडी."

आणि ते लागूही पडलं. मामी अडल्या की मामा पहिला आवाज देत, "का..." आणि मामी म्हणत, "कात्री." प्रयोगातही जमलं. मामांचा चहा बंद झाला, पण त्यांचा ऊर भरून यायचा. इतक्या वर्षांनी बायको त्यांच्याकडून शब्द घेत होती.

पण शिकण्याला वेग आला की पुढचा धडाही लवकर येतो. यंत्राने एका दुपारी विचारलं, "बोळात दिवा आहे, पण कपाटच रिकामं झालं, तर पहिला आवाज देऊन काय होईल?" मामा अडले. यंत्राने ठरल्याप्रमाणे पहिला शब्द दिला, "काहीही..." मामांनी तो वाक्यात बसवायला बराच वेळ घेतला. पुढे यंत्राने खूणही सांगितली. त्या टप्प्यावर माणूस शब्द शोधत नाही. शब्द ऐकतो आणि त्याचा अर्थ विचारतो. मामींचा आजार या जातीचा आहे, तेव्हा हा टप्पा बहुधा येईल. कधी, ते सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारा.

हे यंत्र थापाही मारतं, असं लोक म्हणत. मामा तेवढ्या एका आशेवर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी या खेपेला त्यांना बसवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला बरोबर समजलंय." एवढं वाईट कौतुक मामांचं आयुष्यात कुणी केलं नव्हतं. इतर लोक दोन-चार वर्षं आशेवर काढतात. मामांनी नीट प्रश्न विचारून ती दीड महिन्यात संपवली होती.

तरी ते विंगेत उभे राहतच होते. एका संध्याकाळी प्रयोगाचा तिसरा अंक चालू होता. पळून गेलेली मुलगी दारात परत येते आणि बाप तिला आत घेत नाही. तिथे आई पुढे होऊन म्हणते, "लेक माझी आहे. दार उघडा." मामी पुढे झाल्या आणि थांबल्या. मामांनी शब्द दिला, "लेक."

मामींनी विंगेकडे मान वळवली. चेहऱ्यावर घाबरणं नव्हतं, खोटंही काही नव्हतं. वर्गात नवा शब्द कानावर पडल्यावर हुशार मुलगी विचारते तसं त्यांनी विचारलं, "लेक म्हणजे काय?"

मुलीचं काम करणारी पोरगी खरोखर रडायला लागली. बाप झालेल्या नटाला काही सुचेना, त्याने सरळ जाऊन दार उघडलं. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेतला एक म्हातारा उभा राहून वाजवत होता.

पडदा पडल्यावर मालक धावत विंगेत आले. "मामा, काय जागा काढली मामींनी. लेक म्हणजे काय, असं बापालाच विचारलं. हे वाक्य आता रोज ठेवायचं. संहितेत लिहून टाका."

"मालक, उद्यापासून दुसरी बाई बघा."

"वेड लागलं का? टाळ्या ऐकल्या नाहीत?"

"ऐकल्या. ती बापाला नव्हती विचारत. मला विचारत होती."

मालक जवळच्या पेटीवर बसले. कपडेपटाच्या बाई मामींच्या साडीच्या पिना काढत होत्या, त्यांनी हळूच विचारलं, "शब्द नीट ऐकू गेला नसेल, मामा?"

"गेला. एकदम स्वच्छ गेला."

त्यानंतर मामी कंपनीत गेल्या नाहीत आणि मामाही गेले नाहीत, कारण मामींना एकटं ठेवता येईना. यंत्राला मात्र ते अधूनमधून विचारत. कपाटात पुन्हा शब्द भरता येतात का? यंत्र आडपडदा न ठेवता सांगे, थोडे, थोडा वेळ. मग मामा स्वयंपाकघरात बसून एकेक वस्तू उचलत आणि ज्या रीतीने ते स्वतः शिकले त्याच रीतीने शिकवत. एका वेळी एकच गोष्ट, सांगून झालं की प्रश्न.

"ही वाटी. हिच्यात आमटी वाढतात. ही काय?"

"वाटी," मामी म्हणत. पाहुण्याचं नाव एकदा म्हणून बघावं, तितक्याच अगत्याने. मग मामा दुसरी वस्तू घ्यायला वळत, आणि परत बघत तोवर मामी वाटी उलटीसुलटी करून पाहत असत.

"अहो," त्या एका सकाळी म्हणाल्या, "तुम्ही फार छान शिकवता. तुम्ही कोण?"

मामांनी वाटी त्यांच्या हातातून घेऊन धुवायला ठेवली. सांगून झालं की पुढे काय होतं, ते त्यांना पाठ होतं. तरी ते समोर येऊन बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.