मांजराच्या चालीचं घर

आता आठवलं की सुनेला हसू आवरत नाही, पण लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिची खात्रीच झाली होती, की मधल्या खोलीत कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. दार लोटलेलं, सासरे चपला हातात घेऊन चालायचे, जरा मोठ्याने बोललं की सासूबाईंचं बोट ओठांवर. पोरगी गुणाची हो. एका दुपारी मोसंब्याचा रस घेऊन गेली. आत बघते तर पेशंटच नाही. भिंतीभर जुने रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, कपाटाएवढे दोन स्पीकर, सगळ्यांना झबली शिवलेली, आणि मध्ये डोळे मिटून बसलेल्या सासूबाई. जमीन लाकडी फळ्यांची. कुणी धपाधपा चाललं की रेकॉर्डवरची सुई उडायची, म्हणून ही मांजराची चाल. रस सासऱ्यांनी प्यायला.

सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली, कानाला हेडफोन लावून. सासरे त्यांना 'एक्सचेंज'च म्हणायचे. दोघांचं एक भांडण सुनेच्याही आधीपासूनचं. सासूबाईंचं म्हणणं, भिंतीपलीकडचा फ्रिज सुरू झाला की डाव्या स्पीकरमध्ये टक् होतं, तेव्हा तो या भिंतीपासून हलवा. सासऱ्यांचं म्हणणं, ते टक् स्पीकरमध्ये नाही, तुझ्या डोक्यात होतं.

सगळ्या गोतावळ्यात लाडका एकच, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. भंगारातून उचललेला. त्याचा ट्रान्सफॉर्मर एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने गुंडाळून दिला होता. तो कारागीर गेला, आणि तसं काम करणारा दुसरा काही सापडला नाही. म्हणून सुनेला पहिला धडा मिळाला: स्पीकर जोडल्याशिवाय याला चालू करायचं नाही, आवाजाला बाहेर वाट मिळाली नाही तर हा आतल्या आत जळतो. दुसरा धडा: ऐकायच्या आधी याला निवांत तापू द्यायचं.

एके दिवशी सासूबाई नवी सुई आणायला बाहेर गेलेल्या. यायची वेळ झाली तशी सुनेला माया आली. आल्या आल्या ऐकता येईल त्यांना, म्हणून तिने बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू निखाऱ्यासारखे लाल झाले. काय छान दिसतात, म्हणून ती बघत उभी राहिली, आणि नजर खिडकीकडे गेली. स्पीकरच्या वायरी तिथे वेटोळं घालून बसलेल्या. टोकं घासायला सासूबाईंनीच काढल्या होत्या.

तिने बटण बंद केलं. तापलेल्या धुळीचा वास येत होता; तो नेहमीचा की जळका, काही कळेना. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

सासूबाई आत आल्या, पिशवी ठेवली, आणि सवयीने अ‍ॅम्प्लिफायरवर हात ठेवला. हात तिथेच राहिला.

"हा गरम कसा?"

सून काही सांगायच्या आत दारातून सासरेच म्हणाले, "मी लावला होता."

"तुम्हाला बटण कुठेय ते तरी माहीत आहे का?"

मग सुनेने मान खाली घालून सगळं सांगितलं. सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "रेकॉर्ड लावली होतीस?"

"नाही, आई."

"मग बघू. आवाजच सोडला नसेल तर वाचलाही असेल."

त्यांनी वायरी जोडल्या. स्क्रू पिळून प्रत्येक वायर दोनदा ओढून बघितली. बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापेपर्यंत तिघं लग्नाच्या फोटोतल्यासारखी ताठ उभी. सासऱ्यांनी तर श्वाससुद्धा उसना घेतल्यासारखा जपून घेतला. नवी सुई रेकॉर्डवर टेकली. खरखर. नुसतीच खरखर. सुनेने डोळे मिटले.

आणि सनई उमटली. आधी बारीक, मग खोलीभर. सासूबाई खुर्चीत टेकल्या. सुनेचा हात ओढून तिला शेजारी बसवलं. अजून कान टवकारलेलेच होते, कुठे घरघर येते का, आवाज चिरकतो का.

टक्.

डाव्या स्पीकरमधून. स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरायला लागला होता.

सासूबाईंनी डोळे उघडले, पण फ्रिजकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होता.

"सूनबाई, तुला ऐकू आलं?"

"आलं, आई." त्या दिवशी ती दुसरं काय म्हणणार होती? पण आलं होतं, अगदी स्पष्ट.

"आणि तुम्हाला?"

सासऱ्यांनी चपला काढून हातात घेतल्या. "कुठल्या भिंतीला लावू तो फ्रिज?"