निसार मिस्त्रींचं एकमेव इंजिन

बाहत्तर साली मद्रासकडच्या शर्यतीत स्वतः उतरायला निसार मिस्त्रींजवळ तगडं इंजिन एकच होतं आणि गाड्या दोन: एक साधी फियाट, दुसरी उघड्या चाकांची, बिनटपाची. इंजिन कुठं बसवायचं, यावर उद्यमनगरात दोन तट पडले.

"फियाटच न्या, मिस्त्री," फौंड्रीवाले नृसिंह म्हणाले. "धक्काबुक्की सोसती. उघडीत चाकाला चाक लागलं की खेळ खलास."

"म्हणून तर तिच्यात चालवणाऱ्याचा हात दिसतोय की," मिस्त्री म्हणाले.

"फियाट जिंकली तर गावातली फियाटवाली रांग लावतील."

"ती आत्ताबी लावत्यात, दादा."

हे खरं होतं. वीस वर्षं येणाऱ्या त्या लोकांना गाडीखालून बाहेर आलेले मिस्त्रींचे दोन पाय चांगले ओळखू यायचे. चेहऱ्याबद्दल मात्र मतभेद होते.

इंजिन उघड्या गाडीत बसलं.